कागद त्यांच्याकडे, खेटे तिला

पौडच्या एस.टी. स्टँडवर ती भेटली तेव्हा भातलावणीचे दिवस होते. मजुरी बुडवून पुण्याला गेली होती, फाईल तशीच घेऊन परत आली. नवरा सैन्यात होता. फिट येतात म्हणून १९९६ साली घरी पाठवला. अपंगत्व पेन्शनचा अर्ज पुन्हा परत, शेरा तोच: अधिक वैद्यकीय पुरावा जोडा.

"ताई, आता अजून कसला पुरावा आणू?"

मैत्रिणींनो, भरतीची तपासणी, लष्करी हॉस्पिटलातले उपचार, मेडिकल बोर्डाचा अहवाल, सगळे कागद सैन्याच्याच कपाटात. ज्याच्याकडे कागद तोच कागद मागतो! आणि नवऱ्याला एकट्याने प्रवास करता येत नाही, म्हणून खेटे बायकोला.

या पेन्शनसाठी अपंगत्व किमान २० टक्के हवं आणि आजार नोकरीमुळे झालेला किंवा वाढलेला हवा. घोडं अडतं ते या दुसऱ्या अटीवर. धरमवीर सिंग या जवानालाही फिटच्याच आजारामुळे १९९४ साली काढलं होतं. बोर्ड म्हणालं, नोकरीशी संबंध नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली निकाल दिला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं, बोर्डाने कारणं लिहायची. निकाल १९८२ च्या नियमांवरचा आहे. नियम नंतर बदलले, पण हिचा नवरा त्याच जुन्या नियमांत बसतो. मग पुरावा हिने का आणायचा?

आणि हिच्याजवळ जो पुरावा आहे तो कुणी मागत नाही. फिट रात्री कितीदा येते, किती वेळ टिकते, हे तिच्याइतकं कोणत्या डॉक्टरला माहीत आहे? चुलीपाशी, विहिरीपाशी त्याला एकटं सोडता येत नाही, म्हणून ती लांबच्या कामाला जात नाही. त्या बुडालेल्या मजुरीची नोंद फाईलमध्ये कुठेच नाही.

आपलंही चुकलंच. रेशन, मारहाण, पोटगी यांसाठी आपण धावतो. पेन्शन मात्र ‘पुरुषांचं काम’ म्हणून सोडून दिलं. मीही तेच केलं.

आता आम्ही माहिती अधिकारात बोर्डाच्या अहवालाची प्रत मागितली आहे. ती आली की कारणं वाचून अपील करायचं. तिथे नाही झालं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईचं खंडपीठ आहे. तिच्या मुलीने वहीत फिटच्या तारखा आणि वेळा लिहायला घेतल्या आहेत. तुमच्या गावातही अशी परत आलेली फाईल असेल, तर त्या घरी एकदा जाऊन या. शेरा काय आहे तो आम्हाला कळवा.