ॲडमिरल गॉडफ्रे यांच्या कारकिर्दीचा पुरता हिशेब

ॲडमिरल जॉन हेन्री गॉडफ्रे या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्तवार्ता खात्याचे थोर प्रमुख म्हणून एक पक्ष त्यांना डोक्यावर घेतो. दुसरा पक्ष १९४६ च्या मुंबईतल्या नाविकांच्या उठावाचा खलपुरुष म्हणून त्यांना निकालात काढतो. आमच्या रिठदसारख्या गावात तिसरंच मत निघतं : समुद्र कुठं, रिसोड तालुका कुठं? त्या दर्यावरच्या साहेबाशी आपलं देणंघेणं काय? मला ही तिन्ही मतं अमान्य आहेत. सुरुवात तिसऱ्यापासून करतो, कारण ते घरचं आहे.

१८५३ साली आपलं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढं अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर खिळली. मग वऱ्हाडात रेल्वे आली, खामगाव-अमरावतीचे बाजार फुलले आणि वऱ्हाडी कापसाच्या गाठी मुंबई बंदरातून लिव्हरपूलला जाऊ लागल्या. त्या जहाजांचा मार्ग राखत होतं ब्रिटिश आरमार. म्हणजे आपल्या शिवारातलं पांढरं सोनं ज्या वाटेनं गेलं, तिच्यावर पहारा होता गॉडफ्रे यांच्याच आरमाराचा.

एवढ्यानं समाधान होत नसेल तर पैशाकडं पाहा. आपल्या समुद्रात आरमार ठेवण्यापोटी हिंदुस्थानच्या तिजोरीतून ब्रिटिश नौदल खात्याला दरसाल एक लाख पौंड जात. तेव्हाच्या पंधरा रुपयांच्या भावानं हे पंधरा लाख रुपये होतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या साडेतीन दशकांत ही रक्कम चालू राहिली आणि १९३८ च्या सुमारास, हिंदुस्थाननं स्वतःची सहा लढाऊ गलबतं सांभाळावीत या अटीवर, ती बंद झाली. त्या तिजोरीतला मोठा वाटा शेतसाऱ्याचा होता. ज्यानं समुद्र कधी पाहिला नाही, त्या कास्तकारानंही आरमाराचा खर्च उचलला. ज्यानं पैसा भरला त्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. रिठदचा संबंध काय, या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं आहे.

आता पहिल्या पक्षाकडं वळू. त्याचं म्हणणं कमकुवत करून मांडणार नाही. गॉडफ्रे १८८८ साली जन्मले आणि १९०३ मध्ये, अगदी कोवळ्या वयात, ‘ब्रिटानिया’ या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाले. पहिल्या महायुद्धात ते डार्डनेल्सच्या मोहिमेत होते. १९३६ पासून ‘रिपल्स’ या बलाढ्य युद्धनौकेचे ते कप्तान होते. १९३९ मध्ये नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी केलेलं काम खरोखर मोलाचं आहे. मिळालेली बातमी कुणाकडून आली आणि तिच्यावर किती विसंबावं, याची प्रतवारी करण्याची शिस्त त्यांनी लावली. १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत स्थानिक भूगोलाच्या अज्ञानाची किंमत मोजावी लागल्यावर, किनारे, बंदरं, रस्ते यांची बारकाईनं माहिती जमवणारं खातं ऑक्सफर्डला उभं राहिलं, त्यामागं त्यांची प्रेरणा होती. इयान फ्लेमिंग हे त्यांचे साहाय्यक होते. जेम्स बाँडचा वरिष्ठ ‘एम’ गॉडफ्रे यांच्यावरून बेतला, असं मानलं जातं.

हे सगळं मला मान्य आहे. पुढचा निष्कर्ष मात्र मान्य नाही. हा पक्ष म्हणतो, अशा माणसाच्या हाती १९४३ मध्ये हिंदी नौदल आलं हे आपलं भाग्य, आणि १९४६ चा प्रसंग म्हणजे या उज्ज्वल कारकिर्दीच्या शेवटचा दुर्दैवी अपघात. अपघात कशाला म्हणायचं? ज्याची चाहूल लागणं शक्य नव्हतं, त्याला. इथं चाहूल भिंतीवर रंगवलेली होती. मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात १९४५ च्या डिसेंबरापासून ‘चले जाव’, ‘जय हिंद’ अशा घोषणा उमटत होत्या. फेब्रुवारीच्या आरंभी बलाईचंद दत्त या नाविकाला पकडण्यात आलं. केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना आईवरून शिव्या दिल्या. नाविकांनी रीतसर तक्रारी केल्या, आठवडा उलटला, दाद लागली नाही. १८ फेब्रुवारीला त्यांनी काम बंद केलं. परमुलखातल्या किनाऱ्यांची खोली मोजवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या माणसांच्या मनातली खोली कळली नाही, कारण ती मोजण्याची गरज त्या व्यवस्थेला कधी वाटलीच नव्हती. हा दोष गॉडफ्रे यांच्या बुद्धीचा नव्हता. हुकूम वरून खाली जावा आणि गाऱ्हाणं खालून वर येऊ नये, अशीच त्या नोकरीची घडण होती.

याच पक्षाचा आणखी एक युक्तिवाद असतो : भांडण अन्नाचं होतं, त्याला राष्ट्रीय रंग मागाहून चढवला. अन्न निकृष्ट होतं हे खरंच. पण नाविकांच्या मागण्या वाचा. चांगलं अन्न आणि गोऱ्या नाविकांच्या बरोबरीचा पगार तर होताच. त्यासोबत किंग यांच्यावर कारवाई होती, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावण्याची मागणीही होती. नुसत्या पोटासाठी भांडणारा माणूस दुसऱ्याच्या देशातून फौज मागं घ्या म्हणत नाही. आणि पोटाचा प्रश्न हा मानाचा प्रश्न नसतो, हे तरी कुणी ठरवलं? एकाच जहाजावर, एकाच तोफेच्या माऱ्यात उभं राहणाऱ्या दोघांच्या ताटात आणि पगारात रंगावरून फरक पडत असेल, तर भाकरीची मागणी हीच स्वातंत्र्याची मागणी होते. न्यायमूर्ती फझल अली यांच्या चौकशी समितीलाही नोकरीतल्या गाऱ्हाण्यांसोबत राजकीय जागृतीची दखल घ्यावी लागली.

संपाला उत्तर काय मिळालं? २१ फेब्रुवारीला गॉडफ्रे रेडिओवरून बोलले. शरण या, नाहीतर सगळं बळ वापरू, मग ज्या नौदलाचा अभिमान वाटतो ते नष्ट झालं तरी चालेल, हा त्या भाषणाचा मथितार्थ. आरमार उभारणाऱ्यानं आरमार बुडवण्याची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गिरणगावानं हरताळ पाळला, रस्त्यांवर गोळीबार झाला. त्या दिवसांत दोनशेहून अधिक माणसं मेली. परळला कमल दोंदे या कार्यकर्त्या गोळी लागून गेल्या. २३ फेब्रुवारीला, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर, नाविकांनी शस्त्रं ठेवली. शेकडोंची नोकरी गेली आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानंही त्यांना परत घेतलं नाही. हा शेवटचा डाग इंग्रजांवर ढकलता येत नाही. तो आपला आहे.

म्हणूनच दुसऱ्या पक्षाशीही माझं भांडण आहे. सगळं खापर एका गॉडफ्रे यांच्यावर फोडलं की आपण सुटतो, व्यवस्थाही सुटते. शिवाय ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काहीच दिलं नाही, हे म्हणणं इतिहासात टिकत नाही. १९३४ मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव मिळालेलं दल महायुद्धाच्या आरंभी जेमतेम दोन हजारांच्या आत होतं आणि युद्धाच्या अखेरीस पंचवीस हजारांच्या पुढं गेलं. नौकानयन, तोफखाना, बिनतारी संदेश ही विद्या त्यांच्याकडूनच आली. स्वतंत्र भारतानंही ब्रिटिश नौदलप्रमुख ठेवले. रामदास कटारी हे पहिले भारतीय प्रमुख झाले ते १९५८ मध्ये. विद्या घेतली तर घेतली म्हणावं. विद्येचं ऋण मान्य केल्यानं अपमानाचा हिशेब मिटत नाही, आणि अपमान सांगितल्यानं विद्येचं ऋण फिटत नाही.

माझी मांडणी एवढीच आहे : अधिकाऱ्याची कारकीर्द केवळ त्याच्या सेवापुस्तकावरून ठरवू नये. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, तसंच कुळाचं आणि पिकाचंही असतं. मालकाचं नाव तेवढं ठेवून बाकी खोडलं तर तो उतारा खोटा ठरतो. गॉडफ्रे यांच्या कारकिर्दीच्या उताऱ्यावर ‘ब्रिटानिया’, ‘रिपल्स’, गुप्तवार्ता खातं ही नावं राहू द्या. त्यांच्याखाली संपाचे पुढारी मदन सिंग आणि एम. एस. खान, तसंच बलाईचंद दत्त यांची नावं लिहा, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भरती झालेल्या कोकणी मुसलमान खलाशांची नोंद करा, आणि दरसाल एक लाख पौंड भरणाऱ्या रयतेचीही करा.

रिठदच्या शाळेत १९४६ चा उठाव शिकवताना तो मुंबईची गोष्ट म्हणून शिकवू नये. ज्या आरमाराला आपल्या साऱ्यानं पोसलं, त्याच आरमारातल्या पोरांनी बरोबरीचा हक्क मागितला, ही गोष्ट आपली आहे. आणि ती नीट कळलेलं पोर उद्या तहसीलदार झालं, फौजदार झालं किंवा युद्धनौकेचा कप्तान झालं, तरी हाताखालच्या माणसाची तक्रार आठवडाभर टेबलावर पडू देणार नाही. इतिहास शिकण्याचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.