बीव्हरचं कौतुक कशासाठी?

नगरच्या टँक म्युझियममध्ये जाऊन जुन्या रणगाड्यांसमोर फोटो काढला नाही, असा होस्टेलवाला सापडणं कठीण! दणकट जुन्या मशीनचं हे वेड जगभर आहे. त्यात माझ्या मते पहिला मान कॅनडाच्या 'बीव्हर' विमानाचा.

आपल्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९४७ ला ते पहिल्यांदा उडालं. १९६७ पर्यंत अशी १,६०० हून जास्त विमानं बनली. अलास्का-कॅनडात जिथे रस्ताच नाही, तिथे काही बीव्हर आजही तळ्यावर उतरून माणसं आणि सामान पोचवतात. इंजिन ४५० हॉर्सपॉवरचं, स्पीड बेताचाच. मग एवढं कौतुक कशाचं?

कौतुक आहे डिझाइनचं! कंपनीने आधी जंगलात विमान उडवणाऱ्या पायलटांनाच विचारलं, तुम्हाला काय हवं? म्हणून दोन्ही बाजूंना दरवाजे, तेही तेलाचं पिंप आत जाईल एवढे रुंद. इंजिन ऑइल तर उडता उडता कॉकपिटमधून ओतता येतं.

आणि आपल्याकडे? फायनल इयरला कांदा लावायची यंत्रं बनतात, पण शेतकऱ्याची आठवण येते ती रिपोर्टमधल्या फोटोपुरती. नटापर्यंत पाना पोचतच नाही, हे मग गावचा फिटर सांगतो.

म्हणून ड्रॉइंग शीट लावण्याआधी एकदा राहुरीच्या शेतात चक्कर मारून या. मार्क वाढतील की नाही देव जाणे, पण यंत्र नक्की चालेल!