नानीची गाणी

रोह्यात सध्या भातलावणी सुरू आहे. बाहेर पाऊस आणि मी वर्गात बहिणाबाई चौधरींबद्दल सांगत होते. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरी तीन मुलं. शेतात राबताना, जात्यावर दळताना गाणी सुचत, पण त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी जमेल तेवढी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं.

"टीचर, मुलाने लिहिलं नसतं तर?" एका मुलीने विचारलं.

मला माझी नानी आठवली. तीही लावणीला, हळदीच्या रात्री गायची. तिचा इंतकाल झाला तेव्हा मी बी.एड. करत होते. वही कायम हातात, पण तीत सगळी पाठटाचणं! नानीचं एक गाणंही नाही. आता चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.

मोठ्या खाला मात्र अजून आहेत, माशाअल्लाह. ऐंशी उलटली. रविवारी मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.