महासागराचे गणित आणि कृष्णाकाठ

ऑगस्ट महिना जवळ आला की सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांचे लक्ष एकाच आकड्याकडे लागते: कोयनेच्या धरणात आज पाणी किती? सुमारे १०५ टीएमसी पाणी साठविणारे हे धरण लवकर भरून घ्यावे, तर पुढे अतिवृष्टी होताच दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि ते पाणी कऱ्हाडवरून थेट सांगलीच्या वेशीत येते. धरणात जागा राखून ठेवावी आणि पावसाने पाठ फिरवावी, तर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांकडे डोळे लावून बसलेल्या आटपाडी, खानापूर, जत या तालुक्यांनी काय करावे? हा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यास पुढील दोन-तीन आठवड्यांचा पाऊस आजच कळावयास हवा. उद्याचा पाऊस आजच्या ढगांवरून सांगता येतो. तीन आठवड्यांनंतरच्या किंवा सबंध हंगामाच्या पावसाचे बीज मात्र पुष्कळसे समुद्रात असते. हवा चंचल आहे, समुद्र मंद आहे; तो उष्णता साठवितो आणि ती सावकाश परत करतो.

२०१९ साली याचा कटु प्रत्यय आला. हंगामात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस होईल असा अंदाज एप्रिलमध्ये वर्तविण्यात आला होता. जून कोरडा गेला. पुढे हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागाच्या मानाने असाधारण तापला, आणि हंगामाअखेर देशात ११० टक्के पाऊस पडला. दरम्यान सांगलीत आयर्विन पुलाखालचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर गेले आणि ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली. त्या महापुराचे खापर केवळ अंदाजावर फोडणे अन्यायाचे होईल. नदीपात्रातील अतिक्रमणे आणि धरणांतील विसर्गाचा मेळ हे प्रश्न वेगळे आहेत व तितकेच गंभीर आहेत. तथापि समुद्र अधिक चांगला जाणता आला असता तर धरणांच्या कारभाऱ्यांचे हात थोडे अधिक मोकळे राहिले असते, हे नाकारता येणार नाही.

हा समुद्र जाणण्याचे काम पुण्यास पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत चालते. २०१२ साली सुरू झालेल्या मान्सून मिशनखाली तेथील शास्त्रज्ञांनी अमेरिकेतून आणलेले हवा व समुद्र यांचे संयुक्त प्रतिमान आपल्या पावसासाठी सुधारून घेतले. सप्टेंबर २०२४ मध्ये याच संस्थेत ‘अर्का’ हा महासंगणक सुरू झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदास अकरा हजारांहून अधिक लाख कोटी आकडेमोडी. तो आणि नोएडाचा ‘अरुणिका’ या दोहोंवर ८५० कोटी रुपये खर्च झाले. या खर्चाबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे: या वेगापैकी प्रत्यक्षात हाती किती लागतो?

वाचकांस हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटेल. महासंगणक म्हणजे एक प्रचंड मेंदू नव्हे. ती हजारो लहान मेंदूंची पलटण आहे. समुद्राचे चौकोनी तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका प्रोसेसरकडे सोपवितात. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकांत वाटावेत, तसाच हा प्रकार. परंतु ज्यांनी हे काम केले आहे त्यांस ठाऊक आहे की शेवटचा परीक्षक गुण पाठवीत नाही तोवर निकाल लागत नाही. येथे तर अडचण दुहेरी आहे. पाणी तुकड्याची सीमा मानीत नाही; म्हणून प्रत्येकाने आपल्या कडेचे आकडे पावलोपावली शेजाऱ्यास कळवावे लागतात, आणि काही टप्प्यांवर सर्वांची एकत्र बेरीज होईपर्यंत सर्वांनाच थांबावे लागते. शिवाय पृथ्वीचा नकाशा सरळ कापला तर काही तुकडे निव्वळ जमिनीचे निघतात. मध्य आशियात कोणता समुद्र मोजावयाचा? कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या परीक्षकासारखे ते प्रोसेसर स्वस्थ बसतात, वीज मात्र जळत राहते. असे तुकडे आधीच वगळणे, उरलेल्यांची समान वाटणी करणे आणि शेजाऱ्याचा निरोप येईतो मधले गणित उरकून घेणे, हीच या कामातील खरी हातोटी आहे.

ती साधणे सोपे नाही. जगातील उत्तमोत्तम यंत्रांवरही सागर व हवामान यांची प्रतिमाने जाहीर वेगाचा दहावा हिस्सासुद्धा सहसा गाठीत नाहीत. कारण खोळंबा आकडेमोडीत नसून स्मृतीतून आकडे आणण्यात आणि एकमेकांना पोचविण्यात होतो. आणि गरज तर वाढतच जाणार. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणजे श्रम आठपट झाले. शिवाय शक्यता अजमाविण्यासाठी तेच गणित किंचित निराळ्या आरंभापासून अनेकवार करावे लागते. आठपट यंत्र दर वेळी कोण विकत घेणार?

हे ज्ञान आपल्यास परके नाही. प्रगत महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, तो अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपूनच. यंत्र मिळत नव्हते तेव्हा जी काटकसरीची बुद्धी सुचली, ती यंत्र मिळू लागल्यावर गहाण पडू नये.

आमच्या मते दोन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पावसाचे प्रतिमान यंत्राच्या वेगाचा किती भाग वापरते, त्याचा आकडा दर वर्षी प्रसिद्ध करावा. धरणाचा साठा रोज जाहीर होतो, मग याचा का होऊ नये? दुसरे, जुन्या फोरट्रानमधील कार्यक्रम नव्या यंत्रांसाठी पुन्हा बांधणाऱ्या कारागिरांना स्थिर जागा व योग्य वेतन द्यावे. यंत्राचे उद्‌घाटन होते, छायाचित्रे छापून येतात. तो कार्यक्रम रात्र-रात्र जागून दुपटीने वेगवान करणाऱ्या तरुणाचे नाव कोणी विचारीत नाही, आणि दोन वर्षांच्या करारानंतर तो बंगळूरच्या एखाद्या व्यापारी कंपनीत निघून जातो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून दर वर्षी होतकरू संगणक अभियंते बाहेर पडतात. त्यांतील काहींना शेवटचे वर्ष पाषाणला याच कामावर काढता येईल अशी व्यवस्था दोन्ही संस्थांनी आपसांत ठरविण्यास दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.