जुन्या मोबाईलचा कॅमेरा करताय? हे वाचा

घरातला जुना स्मार्टफोन सीसीटीव्ही म्हणून लावायची टूम आता आपल्याकडेही आलीय. फुकटचं ॲप टाकलं की दुकान, गोठा कुठूनही दिसतो. सोय आहेच. पण अशा जुन्या फोनला बहुतेकदा कंपनीकडून सुरक्षा अपडेट बंद झालेले असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ व्हायरसने मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे ताब्यात घेतले; त्यांच्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या.

माझं स्पष्ट मत: आधी फोन रिसेट करा, बँकेचं ॲप ठेवू नका, पासवर्ड वेगळा द्या. कॅमेऱ्याचं तोंड गल्ल्याकडे ठेवा, शेजाऱ्याच्या दाराकडे नको. आणि कामावरच्या बायकांना कॅमेरा आहे हे सांगा. न सांगता बघणं ही राखण नव्हे.