थर्मल दुर्बीण पहाऱ्याला हवी, बंदुकीवर नको



ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदान परिसरात बिबट्या आला, आजूबाजूच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या. ड्रोन आले, हत्ती आले. बिबट्या काही हाती लागला नाही. अशा वेळी उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा उपयोगी, यात वाद नाही. पण हेच तंत्र आता बंदुकीवरच्या दुर्बिणीतही आले आहे. वाय-फायने मोबाइलला जोडता येते, चित्रीकरणही होते. रानडुकरांनी ऊस-भुईमूग उकरला की कुणालाही वाटेल, हे आपल्याकडे असावं.

मात्र ती दुर्बीण उजेड नव्हे, अंगाची ऊब पाहते. काळोखात चालते, पण साध्या काचेपलीकडचंही तिला दिसत नाही. दाट उसात पानांआडचं डुक्कर आणि वाकून दारं धरणारा माणूस, दोघांचा दिसतो तो ठिपकाच. आपल्याकडे थ्री-फेज वीज रात्री आली की शेतकरी रानातच असतो.

यवतमाळची अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. तिच्या शोधात थर्मल ड्रोनही होते. नंतर वाद पेटला तो गोळी कोणत्या परिस्थितीत झाडली यावर. त्याचं उत्तर यंत्राकडे नव्हतं.

वनखात्याने हे कॅमेरे पहाऱ्यासाठी घ्यावेत आणि सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना खबर द्यावी. परवानगीशिवाय शिकार १९७२ च्या कायद्याने गुन्हाच आहे. आणि पाचवी आज्ञा मानणाऱ्याने तरी, समोर कोण आहे हे कळल्याशिवाय चापावर बोट ठेवू नये.

— एक वाचक, निपाणी