समजून घ्या : शेअर पडला, 'पॅकेज' आटलं; मग कामात मन कसं लागणार?

डिजिटल डेस्क, रत्नागिरी

रत्नागिरीतून इंजिनीअर होऊन पुणे-मुंबई किंवा बेंगळुरूला नोकरीला लागलेल्या मुलामुलींबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पॅकेज किती?' उत्तरात सांगितलेल्या आकड्यात अनेकदा कंपनीचे शेअर्सही धरलेले असतात. बाजार पडला की हा भाग आटतो, काम मात्र तेवढंच राहतं. मग उत्साह का ओसरतो आणि त्यावर उपाय काय?

ईसॉप आणि आरएसयू म्हणजे काय?

ईसॉप म्हणजे कंपनीचा शेअर आधी ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. आरएसयूमध्ये ठरावीक काळ नोकरी केल्यावर शेअर थेट नावावर होतो. दोन्ही टप्प्याटप्प्याने मिळतात, त्याला 'व्हेस्टिंग' म्हणतात. ईसॉपची ठरलेली किंमत २०० रुपये असेल आणि बाजारभाव १५० झाला, तर तो हक्क तूर्त कागदावरच राहतो. आरएसयूची किंमत घटते, पण काहीतरी हाती उरतं.

भाव किती हलू शकतो?

पेटीएमचा शेअर आयपीओत २,१५० रुपयांना विकला गेला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी, बाजारातल्या पहिल्याच दिवशी, तो सुमारे २७ टक्के पडला. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि शेअर आणखी कोसळला.

झोमॅटोची गोष्ट उलट आहे. जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना आलेला शेअर वर्षभरात ४१ रुपयांच्या आसपास घसरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ३०० रुपयांपर्यंत चढला.

पडझड असो वा तेजी, कोड लिहिणाऱ्या किंवा ग्राहकांचे फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात त्यातलं फार थोडं होतं. कोकणातल्या बागायतदाराला हे नवीन नाही. मोहोरापासून फवारणी, राखण सगळं केलं, तरी पेटीचा दर वाशीच्या बाजारात त्या दिवशी किती आवक झाली यावर ठरतो. दर पडला म्हणून बागेची मशागत वाईट होती, असं कुणी म्हणत नाही.

मन का खट्टू होतं?

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, मिळालेल्या रकमेच्या आनंदापेक्षा तेवढीच रक्कम गमावल्याचं दुःख जास्त असतं. त्यात आपण तुलना करतो ती सर्वांत चढ्या भावाशी. १० लाखांचे शेअर ४ लाखांवर आले, की ४ लाख मिळाले असं वाटतच नाही, ६ लाख गेले असं वाटतं. मनात त्या पैशांचं घर बांधून झालेलं असेल, तर घाव अधिक खोल जातो.

कंपनी काय करू शकते?

गूगलने २००९ च्या मंदीत कर्मचाऱ्यांना जुने, महाग किमतीचे ऑप्शन्स बदलून नव्या, कमी किमतीचे दिले होते. भारतातही सेबीच्या २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत कंपनी, भागधारकांनी विशेष ठराव मंजूर केल्यास, न वापरलेल्या ऑप्शन्सची किंमत कमी करू शकते. पण हे कंपनीवर बंधनकारक नाही.

कराचा फटका कुठे बसतो?

समजा, १०० रुपयांना घेता येणारे ५०० शेअर घेतले, तेव्हा बाजारभाव ७०० होता. फरकाचे ३ लाख रुपये पगाराचं उत्पन्न धरले जातात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर ९० हजार कर आणि वर सेस. पुढे भाव ३०० वर आला, तरी हा कर परत मिळत नाही. शेअर विकून झालेला तोटा पगारातून वजाही करता येत नाही. परदेशी कंपनीचे शेअर असतील, तर तोट्यात असले तरी ते रिटर्नमध्ये दाखवावे लागतात.

कर्मचाऱ्याने काय करावं?

• घराचा हप्ता, आईवडिलांचं औषधपाणी, मुलांची फी हा हिशेब फक्त हातात येणाऱ्या पगारावर मांडा. न मिळालेले शेअर शून्य धरा.

• मिळालेल्या शेअर्सबाबत एकच प्रश्न विचारा : एवढी रोख रक्कम हातात असती, तर याच कंपनीचे शेअर घेतले असते का? उत्तर 'नाही' असेल, तर विक्रीचा विचार करा. पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीवर टांगणं धोक्याचं.

• नोकरीबाबतही तेच. आजच्या भावाने हीच ऑफर आली असती, तर घेतली असती का? शिकायला मिळतंय, वरिष्ठ चांगले आहेत, पगार वेळेवर होतो, तर थांबण्याला अर्थ आहे. केवळ जुना भाव परत येईल या आशेवर थांबणं म्हणजे वाट पाहणं, नोकरी नव्हे.

• वार्षिक मूल्यमापनात घटलेल्या शेअर्सचा आकडा मांडून रोख वाढ किंवा नवे शेअर मागा. मागण्यात गैर काही नाही.

• शेअरचा भाव दर तासाला पाहणं बंद करा. तिमाहीतून एकदा पुरे.

आणि पुढच्या वेळी कुणी 'पॅकेज किती?' विचारलं, तर दरमहा बँकेत जमा होणारा आकडा सांगा. शेअर्सचा आकडा त्यात धरू नका.